लेक सोफियाला जायचं म्हणतेय: सिस्टरांच्या मुलींच्या कॉलेजात क्लब, नाटक, फेस्टिव्हल वगैरे खरंच होतं का?

सावंतवाडीकर_आई
नमस्कार मंडळी. लेकीची बारावी झाली, आर्ट्स, इथल्याच ज्युनिअर कॉलेजातून, आणि आता तिला मुंबईत सोफिया कॉलेजला जायचंय, ब्रीच कँडीचं. अभ्यासाची मला फारशी चिंता नाही, ती करेल. पण पोरगी नाटकवेडी आहे, वक्तृत्वाची ढालबिल घरात आहे, गाते पण बऱ्यापैकी. तर हिच्या बाबांचं म्हणणं असं की सिस्टरांचं कॉलेज म्हणजे शाळेचीच पुढची इयत्ता, चारला गेट बंद आणि घरी, आणि नुसत्या मुली असल्यावर नाटक कसलं डोंबलाचं होणार. माझ्या नणंदेचं बरोब्बर उलटं, तिथल्या पोरी म्हणे वर्षभर फेस्टिव्हलच्या मागे असतात, लेक्चरला बसतच नाहीत. आता दोन्ही गोष्टी एकदम कशा खऱ्या असतील?

इथे कोणी अशा कॉलेजात शिकलेलं असेल तर सांगा प्लीज. सोफियाच पाहिजे असं नाही, मुलींचं कॅथलिक कॉलेज कुठलंही चालेल. क्लब, मंडळं कशी चालतात, मराठी मिडियमच्या मुलीला त्यात शिरकाव मिळतो का, आणि देवाधर्माची सक्ती असते का (हा शेवटचा प्रश्न सासूबाईंचा, पण उत्तर मलाच द्यायचंय).

खंबाला_हिल
मी सोफियाची. वर्ष सांगत नाही, वय कळेल :)
आधी नणंदबाईंचं घेते. सोफियाचा स्वतःचा फेस्टिव्हल आहे कॅलिडोस्कोप, आम्ही नुसतं कॅलिडो म्हणायचो, आणि हो, त्याच्या आधी काही मुली वर्गात कमी आणि कॉरिडॉरमध्ये जास्त दिसतात हे खरंय. पण ते मुंबईच्या सगळ्याच कॉलेजांचं, झेवियर्सला त्यांच्या मल्हार फेस्टिव्हलच्या आधी जाऊन बघा. फरक पुढे आहे.

फेस्टिव्हल म्हणजे स्टेजवर नाचणाऱ्या पोरी एवढंच लोकांना दिसतं, खरं काम मागे असतं. एक टीम स्पॉन्सर आणते, कंपन्यांना फोन करकरून, शंभर जण नाही म्हणतात मग एखादा हो म्हणतो, आणि तो पण कॅश देईलच असं नाही, कुपनं देतो, सरबताच्या बाटल्या देतो, बदल्यात आमचा लोगो अमुक फुटाचा लावा म्हणतो. मग त्याचं लेटर, चेक कॉलेजच्या नावाने, बिल, पावती, शेवटी हिशेब टॅली करून प्रोफेसर इनचार्जच्या टेबलावर. दुसरी टीम हॉस्पिटॅलिटी, बाहेरच्या कॉलेजांचे कंटिंजंट, म्हणजे संघ, येतात त्यांची नोंदणी, पाणी, जेवण, भांडणं. तिसरी सिक्युरिटी, गेटवर उभं राहून दुसऱ्या कॉलेजच्या सहा फुटी मुलाला 'आयकार्ड नाही तर आत नाही' सांगायचं. चौथी टेक्निकल, म्हणजे लाइट, साऊंड, प्रोजेक्टर, केबल, टेप. आणि हे सगळं मुलीच करतात कारण दुसरं कोणी नाहीच आहे करायला!

माझ्या मते मुलींच्या कॉलेजचा खरा फायदा हाच. सुरक्षित वगैरे ठीक आहे, ते आईबापांसाठी. मिक्स कॉलेजात मी ज्युनिअरला दोन वर्षं होते, तिथे फेस्टिव्हलला मुली डेकोरेशन आणि अँकरिंग, मुलगे साऊंड आणि पैसे. कोणी ठरवून नव्हतं केलं, आपोआप व्हायचं. सोफियात आल्यावर पहिल्यांदा कोणीतरी हातात मल्टीप्लगची वायर दिली आणि म्हणाली जा लाव. मी इकडेतिकडे बघितलं, कोणी मुलगा आहे का!

आगाऊ_बंड्या
सगळं छान आहे हो पण बाहेरचं जग मिक्स आहे ना. तीन वर्षं नुसत्या मुलींत राहून ऑफिसात गेल्यावर काय? वायर लावायला आली म्हणजे झालं का?

पमाकाकू
बंड्या, तुमच्यासाठी एक जुनी गोष्ट. मी मिक्स कॉलेजातली, नाव नको. तिथे विद्यार्थी मंडळात एक पद असायचं एलआर, लेडीज रिप्रेझेंटेटिव्ह. मुलगी हुशार असली, बोलकी असली, चार लोक तिचं ऐकत असले की तिला एलआर करायचे, आणि जीएस, म्हणजे जनरल सेक्रेटरी, कोण, तर मुलगा. दरवर्षी. म्हणजे अख्ख्या कॉलेजचा प्रतिनिधी तो आणि ही फक्त बायकांची. मला एलआर केलं होतं, मी काय केलं तर कॉमन रूमला आरसा मागितला आणि रांगोळी स्पर्धा घेतली. आरसा मिळाला नाही ते वेगळं.

मुलींच्या कॉलेजात जीएस मुलगीच, खजिनदार मुलगीच, क्रीडा सचिव मुलगीच. ती पुढे ऑफिसात गेली की तिला मीटिंगमध्ये कोपऱ्यात बसायची सवयच नसते. माझी सून अशाच कॉलेजातली आहे, म्हणून सांगते. घरात पण सवय नाही :)

प्राध्यापक_मोड_ऑन
पमाकाकूंच्या एलआरवरून थोडी माहिती. महाराष्ट्रात कॉलेजातल्या थेट निवडणुका १९९४ ला बंद झाल्या, त्याआधी हाणामाऱ्या फार झाल्या होत्या. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यात विद्यार्थी परिषद नेमणुकीची होती, म्हणजे प्रत्येक वर्गातला मार्कांनी पहिला येणारा, शिवाय क्रीडा, एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना), एनसीसी, सांस्कृतिक यांचा एकेक, आणि दोन विद्यार्थिनी प्राचार्यांनी नेमायच्या. म्हणजे एलआर कायद्यातच बसवलेली होती. मुलींच्या कॉलेजला हे कलम तसं गंमतीचंच. नंतर २०१६ च्या कायद्याने निवडणुका परत आणायचं ठरवलं, प्रत्यक्षात त्या काही धडपणे सुरू झाल्या नाहीत. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी आजही 'नेमलेली' परिषदच काम करते आणि सिस्टरांच्या कॉलेजात इंटरव्ह्यू घेऊन नेमतात, मार्कांबरोबर वागणूक पण बघतात. चांगलं की वाईट ते तुम्ही ठरवा. माझं मत, मतं मागायची सवय मुलींना लागायला हवी, इंटरव्ह्यूने ती लागत नाही.

मूळ प्रश्नाकडे. सावंतवाडीकर, आता एक नवीन गोष्ट झालीय ती तुम्हाला माहीत असायला हवी. नवीन शैक्षणिक धोरणाच्या रचनेत महाराष्ट्रातल्या पदवीला को-करिक्युलर नावाचा एक भाग आलाय, एनएसएस, एनसीसी, खेळ, योग, सांस्कृतिक, कला यातलं काहीतरी घ्यायचं आणि त्याला क्रेडिट मिळतात. साधारण दोन क्रेडिटचा कोर्स म्हणजे साठेक तास. म्हणजे पूर्वी जे हौसेने व्हायचं ते आता मार्कशीटवर येतं. परिणाम असा की नाटकाच्या ग्रुपमध्ये अर्ध्या मुली नाटकासाठी आणि अर्ध्या क्रेडिटसाठी. दुसऱ्या अर्ध्या तालमीला येतात, सही करतात आणि मोबाइल बघतात. मी स्वतः सांस्कृतिक समितीवर आहे (दुसऱ्या कॉलेजात, मिक्स), हजेरीचा कागद घेऊन तालमीत फिरणं यासारखं दुःख नाही.

तिखट_सांजा
मराठी मिडियमच्या प्रश्नाला कोणी हात लावत नाहीये म्हणून मी लावते. मी पण अशाच एका मुलींच्या कॉलेजात होते, मुंबईतच, नाव लिहिणार नाही. पहिल्या आठवड्यात सगळे क्लब टेबलं मांडून बसतात, तुम्ही जाऊन नाव द्यायचं, मग ऑडिशन. मी डिबेटिंगच्या टेबलाकडे गेले तर तिथली सिनिअर इतकी भरभर इंग्लिश बोलली की मी हो हो म्हणून मान हलवली आणि पुढच्या टेबलावर गेले. पुढचं टेबल ड्रामॅटिक्स, तिथे पण तेच. मग कोपऱ्यात मराठी वाङ्मय मंडळाचं टेबल, एक मॅडम, दोन मुली, टेबलावर खणाचं कापड. गेले तिथे. वर्षभराचा कार्यक्रम काय तर मराठी भाषा दिनाला २७ फेब्रुवारीला काव्यवाचन आणि एक भित्तिपत्रक. आणि एनएसएस, जिथे सगळ्या आमच्यासारख्याच.

कोणी हाकललं नाही मला कुठून, सगळ्या गोडच होत्या. पण कँटीनमध्ये कुठल्या टेबलावर कोण बसतं त्यावरून कुठल्या क्लबात कोण ते कळायचं. साऊथ बॉम्बेच्या शाळांतल्या मुली एकमेकींना आधीपासून ओळखतात, त्यांचे ग्रुप तयार असतात. 'मुली सगळं काम करतात' हे खरंय, पण कुठली मुलगी कुठलं काम करते तेही बघा. खुर्च्या लावायला एनएसएस आणि स्पॉन्सरशी बोलायला दुसऱ्या.

खंबाला_हिल
तिखट_सांजा, हे मान्य आहे, मी इंग्लिश मिडियमची असल्याने मला तेव्हा दिसलं नव्हतं एवढंच. पण एक सांगू का, नाटकात तरी दार उघडं असतं ते मराठीमुळेच. मुंबई विद्यापीठाचा युवा महोत्सव असतो, त्यात एकांकिका, एकपात्री, वक्तृत्व, स्किट, माइम, लोकनृत्य, समूहगान, रांगोळी, मेंदी असं बरंच काही, आणि मराठी वक्तृत्व, मराठी एकांकिका असे वेगळे विभाग आहेत. इंग्लिश बोलणाऱ्या कॉलेजांना या मराठी विभागांत पाठवायला मुलीच मिळत नाहीत! ज्या मुलीच्या घरी वक्तृत्वाची ढाल आहे ती तिथे सोन्याहून पिवळी. कल्चरल कमिटीच्या इनचार्जना पहिल्याच महिन्यात भेटून 'मी मराठी वक्तृत्व आणि एकपात्री करते' एवढं सांगायचं. टेबलाच्या रांगेत उभं राहायची गरज नाही.

नाट्यवेडा_गिरगावकर
बाबांच्या 'नुसत्या मुली असल्यावर नाटक कसलं' याला उत्तर. आंतरकॉलेज एकांकिका स्पर्धांत टीम त्याच कॉलेजच्या विद्यार्थ्यांची लागते, आयकार्ड तपासतात, बाहेरून मुलगे उसने आणता येत नाहीत. मग मुलींची कॉलेजं काय करतात? एक तर फक्त बायकांची पात्रं असलेली संहिता शोधायची, त्या फार नाहीत, आणि ज्या आहेत त्यात निम्म्या हुंड्यावर आणि निम्म्या हॉस्टेलच्या खोलीत घडणाऱ्या. नाहीतर स्वतः लिहायची. आणि नाहीतर मुलींनीच पुरुष करायचे.

मी परीक्षक म्हणून बसलोय एकदोन ठिकाणी, मुलींनी केलेले पुरुष बघताना पहिली पाच मिनिटं प्रेक्षक हसतात. स्पिरिट गमने चिकटवलेली मिशी घामाने एका बाजूने सुटायला लागते, ते वेगळंच. पण मुलगी चांगली असली की पाच मिनिटांनी हसणं थांबतं. आपल्याकडे बालगंधर्वांना बघायला लोक रात्र रात्र बसायचे, त्यांच्या साड्यांची फॅशन घराघरात गेली, तेव्हा कोणी म्हणालं नाही की नुसत्या पुरुषांत नाटक कसलं. ही त्याचीच उलटी बाजू.

आणि दुसरं, अशा टीममधली मुलगी दिग्दर्शन करते, प्रकाशयोजना करते, संगीत वाजवते. मिक्स टीममध्ये लाइट-साऊंडच्या बोर्डावर मुलगी बसलेली मी अजूनही क्वचितच बघतो. फक्त एक टीप, एकांकिका स्वतः लिहिलीत तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (संहिता तपासणारं सरकारी मंडळ) प्रमाणपत्र वेळेत मागा, स्पर्धेच्या फॉर्मवर त्याचा नंबर मागतात आणि शेवटच्या आठवड्यात सगळ्यांची तारांबळ उडते.

नुव्याची_शेजारीण
गोव्यातून हजेरी. आमच्याकडे नुव्यात कार्मेल कॉलेज, मडगाव आणि वेर्णेच्या मधोमध, अपोस्टोलिक कार्मेल सिस्टरांचं, १९६४ चं. म्हणजे गोवा मुक्त झाल्यावर तीन वर्षांत. गोवा विद्यापीठ आलं १९८५ ला, तोवर ही सगळी कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती, त्यामुळे तुमच्या आणि आमच्या जुन्या पिढीच्या डिग्रीवर शिक्का एकच.

आमचं वातावरण मुंबईपेक्षा वेगळं. साऊथ बॉम्बेवाला प्रकार नाही, मुली सासष्टी तालुक्यातल्या गावांतून बसने येतात, संध्याकाळी परत. इंग्लिश-मराठी भांडणाऐवजी इथे कोंकणी कुठल्या लिपीत ते भांडण, त्यात मी पडत नाही. पण सांस्कृतिक कार्यक्रमात जी मजा येते ती सांगते. फुगडी आणि धालो हे आमच्या हिंदू बायकांचे नाच, धालो पौषात चांदण्यात मांडावर, म्हणजे गावातल्या ठरलेल्या मोकळ्या जागेत, होतात. आणि मांडो हे कॅथलिक घरांतलं, संथ, व्हायोलिन आणि घुमटावर. कॉलेजच्या ग्रुपला ओळींनी मुली लागतात, मग फोंड्याकडची मुलगी लॉंग ड्रेस आणि पंखा घेऊन मांडो नाचते आणि कुडतरीची मारिया नऊवारीसारखं कापड खोचून कळशी फुगडीत कळशी फुंकते. फुंकता येत नाही पहिल्यांदा, नुसती हवा जाते, सगळ्या हसून आडव्या.

घुमट पण मुलीच वाजवतात. घुमट म्हणजे मातीचं मडकं, दोन्हीकडून उघडं, एका तोंडाला कातडं. पूर्वी घोरपडीचं असायचं, वन्यजीव कायद्याने त्याला बंदी, आता बकरीचं लावतात. २०१९ ला सरकारने त्याला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. आरतीला देवळात घुमट वाजवणारे बहुतेक पुरुष, घरी माझ्या भावाला शिकवलं, मला नाही. मी शिकले ती सिस्टरांच्या कॉलेजातल्या मैत्रिणीकडून, गंमत बघा. आता गणपतीत आरतीला मीच बसते, भाऊ झांज वाजवतो.

सावंतवाडीकर_आई
वा! कळशी फुगडी आमच्याकडे पण आहे थोडीफार :) सगळ्यांचे आभार. सासूबाईंचा प्रश्न राहिला.

खंबाला_हिल
सासूबाईंना सांगा, वर्गात सगळ्या धर्मांच्या मुली असतात. सोफिया काढलं १९४० मध्ये सोसायटी ऑफ द सेक्रेड हार्ट या सिस्टरांनी. मूळ संस्था फ्रान्समधली, १८०० साली मादलेन सोफी बारा या बाईंनी मुलींना शिकवायला म्हणून सुरू केलेली. त्यामुळे शिक्षण हाच त्यांचा मूळ धंदा. चॅपल आहे, ज्यांना जायचंय त्या जातात. मी तीन वर्षांत ख्रिसमसच्या कॅरलसाठी सोडून काही धार्मिक केलं नाही, आणि कॅरल पण मी आवाज बरा आहे म्हणून गायले.

पहाडगंजची_पोरगी
दिल्लीत जीझस अँड मेरी कॉलेज, चाणक्यपुरीत, १९६८ चं, मी तिथली. (आम्ही पहाडगंजातले मराठी, हो, आहोत अजून.) आमच्याकडे क्लब म्हणत नाहीत, सोसायटी म्हणतात. धार्मिक गोष्टींत सक्ती काही नाही, कॅथलिक मुलींची त्यांची वेगळी मंडळं असतात. देशभरातल्या कॉलेजांत आयकफ म्हणून संघटना आहे कॅथलिक विद्यार्थ्यांची, १९२४ पासूनची, तिचे युनिट बऱ्याच ठिकाणी दिसतील. त्या पोरी आमच्यापेक्षा जास्त मोर्चेबिर्चे काढायच्या, लोकांना वाटतं नुसती प्रार्थना असेल!

दिल्लीत आणि एक आहे, विद्यापीठात ईसीए कोटा असतो, म्हणजे नाच, गाणं, नाटक, वादविवाद यात भारी असाल तर ट्रायल देऊन त्यावर ॲडमिशन. त्यामुळे सोसायट्यांत काही मुली जवळपास प्रोफेशनल लेव्हलच्या, आणि नवीन शिकायला आलेल्या मुलीला लागलीच स्टेज मिळत नाही. स्ट्रीट प्ले, ज्याला तिकडे नुक्कड म्हणतात, तो मात्र मस्त. डफली, कुर्ता-जीन्स-ओढणी कमरेला, आणि घसा फाटेपर्यंत ओरडायचं. मुलींना मोठ्याने ओरडायला कोणी कधी सांगितलेलं नसतं हो घरी. पहिल्या महिनाभर आवाजच फुटत नाही, पोटातून काढा म्हणून सिनिअर मागे लागतात. मला नोकरीत सगळ्यात जास्त उपयोग त्याचा झाला.

आगाऊ_बंड्या
ओरडायचा?

पहाडगंजची_पोरगी
हो. तुमच्यासारखे मीटिंगमध्ये मध्ये मध्ये बोलतात ना, तेव्हा.

पमाकाकू
😂😂

एनसीसी_वाला_बाबा
माझी मुलगी मुलींच्या कॉलेजातून एनसीसी 'सी' सर्टिफिकेट झालीय म्हणून लिहितो. लोक फेस्टिव्हलवरच बोलतायत. 'सी' ला तीन वर्षं द्यावी लागतात, परेडची हजेरी, कॅम्प, मग परीक्षा. फायदा मोठा आहे, सैन्यात एनसीसी स्पेशल एंट्री असते, 'सी' ला किमान बी ग्रेड आणि पदवीला ५० टक्के असतील तर लेखी परीक्षा न देता अर्ज छाननी होऊन थेट एसएसबी, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाची, मुलाखत. मुलींना पण आहे. मात्र पहिल्याच वर्षी नाव घालायला लागतं, दुसऱ्या वर्षी आठवण येऊन उपयोग नाही. आणि परेड शनिवार-रविवारी असते बऱ्याचदा, नाटकाच्या तालमी पण तेव्हाच, तेव्हा दोन्ही होणार नाही हे आधीच समजून घ्या.

प्राध्यापक_मोड_ऑन
एनएसएसला तिखट_सांजा यांनी थोडं खाली ढकललंय म्हणून दोन ओळी. १९६९ ला, गांधी शताब्दीच्या वर्षी सुरू झालेली योजना. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, आणि दत्तक गावात सात दिवसांचं शिबिर. एका युनिटला शंभर मुली, शिबिराला त्यातल्या साधारण निम्म्या. मुंबईतल्या इंग्लिश बोलणाऱ्या मुली गावात गेल्यावर सर्व्हेचे फॉर्म कोण भरून घेतं? मराठी बोलणारी. सरपंचांशी कोण बोलतं, रात्री शाळेच्या हॉलमध्ये वीज गेली की वायरमनला कोण शोधतं? तीच. सात दिवसांत सगळी उतरंड उलटी होते. मी दोन मुली बघितल्यात, कॉलेजात एकमेकींशी शब्द नव्हता, शिबिरात वनराई बंधाऱ्याची पोती भरता भरता जमली, पुढे दोघींनी मिळून कॉलेजचा लघुपट केला.

तिखट_सांजा
सर मी एनएसएसला खाली ढकललं नाही हो, कॉलेजने ढकललं होतं. शिबिराचं मात्र शंभर टक्के खरं. आमच्या ड्रामॅटिक्सची प्रेसिडेंट चुलीसमोर बसून रडकुंडीला आली होती आणि मी तिला फुंकणी कशी धरायची ते दाखवत होते. परत आल्यावर तिने मला पुढच्या नाटकात घेतलं. बॅकस्टेजला. पण घेतलं.

वसईची_वाडी
मी कॅथलिक, वसईची, घरी सामवेदी (आमच्याकडची बोली) बोलतो, शाळा मराठी माध्यमाची. लोकांना वाटतं कॅथलिक कॉलेज म्हणजे आम्हाला घरच्यासारखं. कुठलं काय! माझं इंग्लिश पण तिखट_सांजा सारखंच होतं, आणि वर नाव कॅथलिक म्हणून सगळे माझ्याशी पहिलं वाक्य इंग्लिशमध्ये किंवा कोंकणीत टाकायचे. मी सरळ वाङ्मय मंडळात गेले आणि तिथे मॅडमना सांगितलं भित्तिपत्रक बंद करू, काहीतरी वेगळं करू. वसईतली लग्नाची गाणी, उंबराचं पाणी आणायला बायका जातात तेव्हाची, ती आजीकडून लिहून आणली आणि पाच मुलींनी बसवली. हॉल भरला होता, कारण कोणाला माहीतच नव्हतं की कॅथलिक लग्नात मराठी गाणी असतात. पुढच्या वर्षी मंडळाला बजेट वाढवून मिळालं. जास्त नाही, पण ढोलवाल्याचे पैसे निघाले.

मंडळ मरगळलेलं असलं तर उलट बरं, तुम्हाला हवं ते करता येतं, कोणी अडवायला नसतं. जिथे पन्नास मुलींची रांग तिथे तुम्ही तिसऱ्या वर्षापर्यंत रांगेतच.

सावंतवाडीकर_आई
हे लेकीला वाचून दाखवलं, ती म्हणते दशावतार करणार. मुलींचा दशावतार! बाबा हादरलेत :) आता एकच, संध्याकाळी तालमीला उशीर झाला तर हॉस्टेलचं काय? गेट बंद झालं तर?

खंबाला_हिल
दशावतार करा करा, सोफिया भाभा हॉलमध्ये संकासुर बघायला मी तिकीट काढून येईन!
हॉस्टेलच्या वेळा असतात आणि त्या पाळाव्या लागतात, तालमीसाठी सवलत हवी असेल तर इनचार्ज मॅडमचं लेटर घेऊन वॉर्डनकडे आधी जायचं, आयत्या वेळी नाही. तसाही लाउडस्पीकर रात्री दहानंतर कायद्यानेच बंद, त्यामुळे मोकळ्या जागेतले कार्यक्रम लवकर गुंडाळतात. ग्रँट रोड किंवा महालक्ष्मी स्टेशनपासून बस, टॅक्सी असते, पण पहिल्या टर्ममध्ये पावसात सातनंतर टॅक्सीवाले नाही म्हणतात, तेव्हा चारपाच जणींनी मिळूनच निघायचं.

नाट्यवेडा_गिरगावकर
दशावतारासाठी पखवाज आणि पायपेटी (पायाने भाता मारायची पेटी) वाजवणारी मुलगी आधी शोधा, पात्रं मिळतील. युवा महोत्सवाला लोकनाट्यासारखं बसवायचं असेल तर साथीदारांचे नियम वाचा, बाहेरचे साथीदार किती चालतात ते दरवर्षी सूचनापत्रात असतं. ते पत्रक पहिल्या टर्मलाच येतं.

प्राध्यापक_मोड_ऑन
आणि ॲडमिशन झाल्याझाल्या बोनाफाईडच्या दोनतीन प्रती काढून ठेवायला सांगा लेकीला. युवा महोत्सव, एनसीसी, एकांकिका, सगळीकडे लागतं, आणि ज्या दिवशी फॉर्मची शेवटची तारीख असते त्याच दिवशी सगळ्या मुली ऑफिसच्या खिडकीवर उभ्या असतात.

सावंतवाडीकर_आई
लिहून घेतलं. पायपेटी आमच्या शेजारची पोरगी वाजवते पण ती चालली रत्नागिरीला बीएस्सीला. मुंबईत शोधते.

वसईची_वाडी
पायपेटी नसली तर साधी पेटी चालवा, आमच्याकडे चर्चच्या कॉयरमधली मुलगी वाजवायची, तिला काळी चार (गायचा सूर) सांगितलं की पुढचं तीच बघायची. कॉयरच्या मुलींना विचारून बघा.